गंजावर रंग मारायचा नाही

"आमच्या घरात त्रेपन्न कुणी पाहत नाही," असं मॅचिंग म्हणायचा. आणि ते इतकं सहज म्हणायचा, की जणू आमच्या घरात कुणी चष्मा लावत नाही किंवा आमच्याकडे सगळे डावरे, असलं काहीतरी सांगतोय. त्याच्यापाशी पुरावा होता. वडील बावन्नाला गेले, हातात ग्राइंडर असताना. थोरला भाऊ बावन्नाला गेला, एका मोटारीच्या बॉनेटवर पहिला कोट मारून झाल्यावर आणि दुसरा मारायच्या आधी. दोघंही हृदयविकारानं. दुसरा कोट पुढे मॅचिंगनंच मारला. गिऱ्हाईक समजूतदार होतं, दहा दिवस थांबलं.

दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, असं शिकलेली माणसं म्हणतात. पण ती दोन उदाहरणं ज्याच्या घरात फ्रेम करून टांगलेली असतात, त्याला तिसऱ्या खिळ्याची जागा आपोआप दिसायला लागते. मॅचिंगला बावन्न लागलं, तेव्हा त्यानं ती जागा मोजूनही पाहिली. बायकोनं टेप हिसकावून घेतली.

मॅचिंग हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलेलं. डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात रंगाचा नंबर डब्यावर असतो आणि बहुतेक जण तो नंबर वाचून रंग मारतात. मॅचिंग नंबर वाचायचा नाही, गाडी वाचायचा. सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या पांढऱ्या गाडीचा पांढरा कंपनीच्या पांढऱ्याशी नातं सांगत नाही, हे त्याला डोळ्यांनी कळायचं. डब्यात एक थेंब पिवळा, अर्धा थेंब काळा, की दुरुस्त केलेला दरवाजा शोधूनही सापडू नये. स्वतःच्या या कौशल्याबद्दल तो फारसं बोलायचा नाही. दुसऱ्याच्या मारलेल्या रंगाबद्दल मात्र रस्त्यात उभा राहून बोलायचा.

दुकानात दोनच माणसं. मॅचिंग आणि त्याची वहिनी. भाऊ गेल्यावर पंधराव्या दिवशी वहिनी दुकानात आली, "घरी बसून भिंती बघण्यापेक्षा इथं गाड्या बघते" म्हणाली, आणि मास्किंग टेपचं बंडल उचललं. फवारा मारण्याआधी काचा, रबर, दिवे, जिथं जिथं रंग जायला नको तिथं कागद आणि टेप लावून झाकायचं, हे तिचं काम. अकरा वर्षांत तिच्या टेपखालून रंगाचा एक शिंतोडा आत गेला नव्हता. तिच्या तोंडून बाहेर मात्र बरंच काही जायचं.

या दुकानाचं एक तत्त्व होतं. पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं जायचं. गंजावर रंग मारायचा नाही. हे वडिलांनी घालून दिलेलं. रंगाला बारीक फोड आला म्हणजे खाली पत्रा सडलेला असतो. वरून पुट्टी भरून रंग मारला की गाडी चार महिने नवरीसारखी दिसते आणि पाचव्या महिन्यात तोच फोड शेजाऱ्यांना घेऊन परत येतो. सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, मग प्रायमर, मग रंग. हे पटत नसेल तर शेजारी दुसरं दुकान आहे. शेजारचं दुकान या तत्त्वावर चांगलंच चालायचं.

बावन्न लागल्यावर मॅचिंगनं आवराआवर सुरू केली. कुठलंही काम अर्धवट टाकून जाणं त्याला पसंत नव्हतं, आणि भावाचा दुसरा कोट राहून गेला होता हे त्याच्या मनात होतंच. त्यानं घरातल्या प्रत्येक बटणावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर लिहिलं. 'गिझर'. 'पंप'. 'हे दाबू नये'.

"अहो, गिझरचं बटण मला लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे," बायको म्हणाली.

"आणि हे?"

"हे तुम्हीच दाबता, आणि मग सगळ्या घराचे दिवे जातात."

मग त्यानं फोटो काढून घेतला, भिंतीवरच्या दोघांच्या मापाचा. फोटोतल्या चेहऱ्याला लालसर झाक जास्त आली, म्हणून फोटोवाल्याकडून तीनदा बदलून आणला. मरणोत्तर वापराच्या वस्तूबद्दल इतका चोखंदळ माणूस त्या फोटोवाल्यानं पाहिला नव्हता. बायकोनं तो फोटो कपाटामागे ढकलून दिला आणि चार दिवस नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलली. चार दिवसांनी कळलं, की त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

अशात एका सकाळी एक डॉक्टरीणबाई जुनी निळी गाडी घेऊन दुकानात आली. चाळिशीच्या आतली, घाईत. मागच्या दरवाज्याच्या खालच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा फोड होता.

"एवढंच जरा टचअप करून द्या. संध्याकाळी नेते."

मॅचिंगनं खाली बसून फोडावरून बोट फिरवलं, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि किंचित दाबलं. टोक पत्र्यात बुडालं. बाईंचा श्वासही तसाच कुठेतरी बुडाला.

"अहो, तुम्ही भोक पाडलंत!"

"मी नाही पाडलं. मी फक्त दाखवलं." तो उठला. "एवढा भाग कापावा लागेल. तीन दिवस."

"पण वरून तर एवढंसंच दिसतंय."

"वरून दिसायला लागतं तेव्हा आतलं झालेलं असतं. गंजावर रंग मारत नाही आम्ही. शेजारी मारतात."

"आणि मी तीन दिवस जाऊ कशानं?"

"रिक्षानं जा की, बाई," गाडीच्या पलीकडून वहिनी म्हणाली. "आणि लवकर ठरवा. भावजींना यंदा मरायचं आहे. उशीर केलात तर दरवाजा तसाच राहील."

बाई हसली नाही. तिनं मॅचिंगकडे नीट पाहिलं. भावाचं काय झालं, वडिलांचं काय झालं, वय किती, चढताना धाप लागते का, असं एकेक विचारत गेली. मॅचिंगला वाटलं, गिऱ्हाईक गप्पिष्ट आहे. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन जाताना तिनं पत्रा, रंग, सगळं पाहिलं, फोड कुठे होता ते शोधून पाहिलं, सापडलं नाही, आणि म्हणाली, "काका, आता तुम्ही माझ्या दुकानात या."

तिचं दुकान म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. ज्या घरांत माणसं हृदयविकारानं लवकर जातात, त्या घरांतल्या उरलेल्यांच्या रक्तवाहिन्या तपासायचं काम ती करत होती. अशी माणसं तिला हवीच होती. मॅचिंगसारखं, भिंतीवर दोन फ्रेमा असलेलं गिऱ्हाईक तर तिला शोधूनही मिळालं नसतं.

बायको सोबत होती. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, सकाळचा चहाही नाही, आणि त्यामुळे मॅचिंग मरणापेक्षा चहाच्या विचारात जास्त होता. त्याला आडवं झोपवलं. कोपराच्या वर एका तंत्रज्ञानं जेल लावून सोनोग्राफीचा दांडा टेकवला, खाली मनगटाच्या अलीकडे रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. पडद्यावर करड्या रंगात एक काळी पट्टी दिसायला लागली. दोन्ही कडा तिच्या, मधून रक्त.

"ही तुमची धमनी," डॉक्टर म्हणाली. "आता पट्टा फुगवून पाच मिनिटं हाताचं रक्त अडवायचं. मग एकदम सोडायचं. रक्त धावत येतं. धडधाकट धमनी त्या लोंढ्याला पाहून रुंद होते, म्हणते, या. आपल्याला ती किती रुंद होते ते मोजायचं आहे."

पाच मिनिटं हात बधिर होत गेला. मग पट्टा फुस्स करून सुटला आणि बोटांत मुंग्या धावल्या. सगळे पडद्याकडे बघत राहिले. काळी पट्टी जशी होती तशीच होती. एक मिनिट गेलं. तंत्रज्ञानं आकडे सांगितले. आधी चार पूर्णांक वीस मिलिमीटर. नंतर चार पूर्णांक सव्वीस.

"म्हणजे साठ मायक्रॉन," मॅचिंग आडव्यानंच म्हणाला.

तंत्रज्ञानं चमकून पाहिलं. त्याला काय माहीत, की या माणसाच्या खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन. साठ म्हणजे धड एका रंगाची जाडीसुद्धा नाही.

"कमी आहे?" बायकोनं विचारलं.

"कमी आहे," डॉक्टर म्हणाली.

मग ती समजावून सांगायला बसली. समोर कोण बसलं आहे हे तिला माहीत होतं, त्यामुळे तिनं उपमाही त्याच्या धंद्यातली घेतली. चांगल्या शिक्षकांचं हेच चुकतं.

"रक्तातून चरबी वाहून नेणारे बारीक कण असतात. कोलेस्टेरॉल म्हणतात ते त्यांच्यात भरलेलं. तुमच्या घरात ते कण जन्मतःच जास्त. जास्त झाले की ते धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथं अडकतात. अडकले की त्यांचं ऑक्सिडेशन होतं. आता ऑक्सिडेशन म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगणार?"

"गंज," मॅचिंग म्हणाला.

"बरोबर. गंजलेले कण. आणि ते अस्तर म्हणजे नुसता रंगाचा थर नाही. ते एक वायू सोडत असतं, नायट्रिक ऑक्साइड नावाचा. दोन-चार क्षण टिकतो, पण तेवढ्यात धमनीच्या स्नायूला निरोप देतो, सैल हो. हे गंजलेले कण अस्तराला तो वायू नीट बनवू देत नाहीत, आणि बनला तर वाटेतच खलास करतात. निरोप पोचत नाही. धमनी ताठ ती ताठच. शिवाय अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी येऊन तिथं ठाण मांडतात, तो गंज खात बसतात, फुगतात, आणि मग खरी गाठ व्हायला लागते. तुमच्यात ती अजून झालेली नाही. ईसीजी चांगला आहे, चालण्याची चाचणी चांगली आहे. फक्त अस्तर बिघडलंय."

तिनं गोळी लिहून दिली, रोज एक. रोज पाऊण तास चालायला सांगितलं. तळलेलं कमी. तो सिगारेट ओढत नव्हता, तेवढं एक कौतुक मिळालं. बायकोनं विचारलं, की गंजच आहे तर गंजरोधक जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळतात त्या आणू का. डॉक्टर म्हणाली, लोकांना वर्षानुवर्षं देऊन पाहिल्या, हृदयविकार काही थांबला नाही. कण कमी करणारी ही गोळी मात्र थांबवते.

मॅचिंगनं सगळं ऐकलं. मान डोलावली. एका माणसाला इतकं नीट समजलेलं पाहून डॉक्टरही खूश झाली. आणि त्याला खरोखरच समजलं होतं. अस्तराखाली गंज. वरून काही दिसत नाही, दिसायला लागतं तेव्हा आतलं झालेलं असतं. हे तर तो तीस वर्षं लोकांना सांगत आला होता. आणि गंजाचं काय करतात, तेही. कापतात. इथं कापायचं काही नव्हतं, नवा तुकडा वेल्ड करायचा नव्हता, मग उरलं काय? वरून गोळी. म्हणजे पुट्टी. चार महिने रिपोर्ट नवरीसारखा दिसायचा, आणि पाचव्या महिन्यात फोड.

शेजारच्या दुकानात चालणारं काम त्यानं कधी दुसऱ्याच्या गाडीवर केलं नव्हतं. स्वतःवर कसं करणार?

गोळ्या त्यानं घेतल्या, म्हणजे औषधाच्या दुकानातून घेतल्या. रोज सकाळी बायकोसमोर पट्टीतून एक गोळी काढायची, "पाण्याबरोबर दुकानात घेतो, रिकाम्या पोटी जळजळतं" म्हणायचं, आणि दुकानात गेल्यावर वॉटर पेपरच्या खोक्यात टाकायची. रंग घासायचे ते कागद. सगळ्यांत बारीक, दोन हजार नंबरचे, शेवटच्या हाताला लागतात, म्हणून ते खोकं सगळ्यांत खाली. चालायला मात्र जायचा. चालण्यात काही फसवणूक नव्हती.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल होतं तिथंच, मुक्काम ठोकून. डॉक्टर बुचकळ्यात पडली. म्हणाली, असं सहसा होत नाही. आणि गोळी दुप्पट ताकदीची करून दिली. त्यामुळे खोक्यात आता दोन रंगांच्या गोळ्या पडायला लागल्या. मॅचिंगला आपण डॉक्टरला फसवतोय याचं वाईट वाटायचं. पण तो स्वतःला समजावायचा, की ती आपल्या परीनं टचअप करतेय, तिला कुणी तत्त्व घालून दिलेलं नाही.

एका दुपारी काळी गाडी आली होती. काळ्या रंगावर प्रत्येक ओरखडा बोलतो, म्हणून शेवटचं घासणं फार बारीक लागतं. मॅचिंग मागे रंग ढवळत होता. वहिनीनं स्वतःच वाकून खालचं खोकं ओढलं.

खोक्यातून खुळखुळ आवाज आला. वॉटर पेपर खुळखुळत नाही.

बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि त्यामुळेच मॅचिंगनं मागे वळून पाहिलं. वहिनीनं न बोलणं म्हणजे कंप्रेसरनं न चालणं, काहीतरी बिघडलेलं असतं. ती खोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती.

"किती आहेत?" तिनं विचारलं.

"वहिनी, ते..."

"मोजल्या मी. एकशे अठ्ठावीस. तुकडे झालेल्या सोडून."

"तुम्हाला कळायचं नाही ते. ती नुसती पुट्टी आहे. आतला गंज..."

"तसंच म्हणाले होते," वहिनी म्हणाली.

"कोण?"

"तुमचे भाऊ. अगदी याच शब्दांत. मी पुट्टी खात नाही." तिनं खोकं बाजूला ठेवलं. "त्यांनाही गोळ्या दिल्या होत्या, भावजी. दीड वर्ष आधी. मला म्हणाले, घेतोय. मी खरं मानलं. ते गेले आणि मी कपडे आवरायला काढले, तर कामाच्या जुन्या कोटाच्या अस्तरात पट्ट्या. एकही फोडलेली नाही. तुम्ही निदान फोडून तरी टाकल्यात, ते तेवढेही कष्ट घेत नव्हते."

मॅचिंगच्या हातातल्या काठीवरून काळा रंग बुटावर ठिबकत होता.

"कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलू? सासूबाई म्हणाल्या, बापाचं रक्त, बावन्नाला नेतंच. सगळ्यांनी माना हलवल्या. सोपं होतं. त्यांना सोपं, मला सोपं. मी म्हटलं असतं की गोळ्या कोटात सापडल्या, तर पहिला प्रश्न मला, तू काय करत होतीस? आणि तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते, लोकांकडून वेगळा ऐकायची गरज नव्हती." मग आवाज चढला. "अकरा वर्षं मी तुमचं ऐकतेय, आमच्या घरात त्रेपन्न कुणी पाहत नाही. कसं पाहणार? पाहायची तयारीच नाही कुणाची! रक्तानं नाही गेले ते, हट्टानं गेले. आणि तुम्ही फोटो काढून आणलात, तोही तीनदा!"

"पण वहिनी, पत्रा एकदा सडला की..."

"तुम्ही पत्रा आहात का?" ती ओरडली. "मागच्या महिन्यात ग्राइंडरनं अंगठा कापला होता तुमचा. कुठाय? दाखवा."

मॅचिंगनं अंगठा पाहिला. जखमेची नुसती फिकट रेघ उरली होती. कुणी कापून नवा तुकडा बसवला नव्हता. त्यानं अंगठा पुन्हा पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला, जसं एखाद्या दरवाज्यावरचं काम पाहतात.

वडिलांनी घालून दिलेलं तत्त्व चांगलंच होतं. फक्त ते पत्र्यासाठी होतं, आणि हे घरातल्या दोन पुरुषांना कुणी सांगितलं नाही. तिसऱ्याला सांगायला काळ्या गाडीचं निमित्त झालं.

तो नळापाशी गेला, हात धुतले. वहिनीनं नव्या पट्टीतली एक गोळी फोडून त्याच्या तळव्यावर ठेवली. तो पाणी पिऊन म्हणाला, "झालं."

"जीभ दाखवा."

"वहिनी, मी काय शाळेत आहे?"

"शाळेतली पोरं बरी. जीभ."

त्यानं जीभ दाखवली. त्यानंतर रोज सकाळी शटर वर झालं की हा कार्यक्रम व्हायचा, आणि फुटपाथवरून जाणाऱ्यांना वाटायचं, की हा माणूस रोज आपल्या वहिनीला वेडावून दाखवतो. डॉक्टरकडे जाऊन त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. तिनं डोक्याला हात लावला. म्हणाली, "चूक माझीही आहे. पुन्हा कुणाला गंज म्हणणार नाही." गोळी पुन्हा पहिल्या ताकदीची केली. मग जाता जाता म्हणाली, "काका, त्या अस्तरातल्या पेशी मरतात आणि नव्या येतात. सारख्या. वरून येणारे कण कमी झाले की अस्तर स्वतःची दुरुस्ती करतं. तुमच्या शेजारच्या दुकानात असलं काम होत नाही."

"आमच्याकडेही होत नाही," मॅचिंगनं प्रामाणिकपणे कबूल केलं.

बायकोला घरी जाऊन सांगणं जास्त जड गेलं. ती ओरडली नाही. उठली, खुर्ची ओढली, वर चढली, आणि 'हे दाबू नये' वगळता सगळ्या बटणांवरच्या टेपा सोलून काढल्या. चार महिने डोळ्यांसमोर पट्टीतून काढलेली गोळी तिनं बरेच दिवस मनात ठेवली. अजूनही ती आठवण योग्य वेळी बाहेर येते.

दुसऱ्यांदा धमनी मोजायची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी मॅचिंगला त्रेपन्न लागायला सतरा दिवस उरले होते. रक्ताचा रिपोर्ट आधीच आला होता, कोलेस्टेरॉल निम्म्याच्या आसपास उतरलं होतं. पण रिपोर्ट हा वरचा रंग, असं त्याच्या मनात अजून कुठेतरी होतंच. त्याला आतलं पाहायचं होतं.

या वेळी वहिनीही आली. दुकानाला कुलूप लावून. ही गोष्ट अकरा वर्षांत झाली नव्हती. शिवाय दोघी बायकांनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. पण तो उपाशी आणि आपण चहा प्यायचा, हे त्यांना बरं दिसेना.

खोलीत एकालाच सोडतात, असं तंत्रज्ञ म्हणाला. वहिनी म्हणाली, "हो का?" आणि आत येऊन उभी राहिली.

जेल, दांडा, पट्टा. पाच मिनिटं. मॅचिंग छताकडे बघत होता. छताचा पांढरा कुठल्या कंपनीचा, हेही त्याच्या डोक्यात आलं नाही. बायको भिंतीला टेकून उभी होती. मग पट्टा सुटला, फुस्स.

दहा सेकंद. वीस. काळी पट्टी तशीच. वहिनीनं पदराचं टोक मुठीत धरलं. तीस. मग पट्टीची वरची कड किंचित वर सरकली, खालची खाली. घाई न करता. कुणीतरी बऱ्याच दिवसांनी ऐसपैस बसावं तशी.

"उघडतेय," डॉक्टर म्हणाली.

तंत्रज्ञानं रेघा ओढल्या. आधी चार पूर्णांक एकवीस, नंतर चार पूर्णांक पंचेचाळीस.

"दोनशे चाळीस," मॅचिंग म्हणाला. मग पडद्याकडे मान वळवून पुन्हा म्हणाला, "दोनशे चाळीस मायक्रॉन."

"म्हणजे चांगलं?" बायको.

"चांगलं. एकदम तरण्या माणसासारखं नाही, पण चांगलं. गोळी सोडायची नाही, चालणं सोडायचं नाही. आणि लेखी हमी मी कुणालाच देत नाही, काका, कशाचीच."

"लेखी नको," तो म्हणाला.

"मला पुन्हा दाखवाल का?" वहिनीनं विचारलं. "ते उघडतानाचं."

तंत्रज्ञानं चित्र मागे नेऊन पुन्हा चालवलं. वहिनी पडद्याच्या अगदी जवळ गेली. कडा सरकल्या. तिनं आणखी एकदा दाखवायला लावलं. मग ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं इतका लांब श्वास सोडला, की बायकोनं घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काही नाही गं," वहिनी म्हणाली. "भूक लागलीय."

बाहेर काउंटरवर पुढची तारीख द्यायची होती. काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "सहा महिन्यांनी. सोमवार, सकाळी साडेसात."

"साडेसात?" मॅचिंग म्हणाला. "एवढ्या पहाटे कोण येणार?"

"उपाशी यायचं असतं ना, काका, म्हणून लवकर देतो."

"आणि सोमवार नकोच. सोमवारी सगळ्या गाड्या येतात. रविवारी ठोकतात, सोमवारी आणतात. गुरुवार बघा."

"अहो, मिळेल ती घ्या ना," बायको म्हणाली.

"मिळेल ती का म्हणून? सहा महिने आहेत मध्ये. आत्तापासून सांगतोय मी." तो काउंटरवर कोपर टेकवून उभा राहिला, हलायचं नाव नाही. "गुरुवार. अकराला."

"अकराला उपाशी राहाल?" मुलीनं विचारलं.

मॅचिंगनं विचार केला. मागे दोघी उपाशी बायका त्याच्याकडे एकाच वेळी बघत होत्या.

"साडेआठ," तो म्हणाला. "पण गुरुवारच."